मेहकरात बसून हटवलेला बर्फ

आमच्या घरमालकांनी जन्मात बर्फ पाहिला होता तो दोनच ठिकाणी. एक रसवंतीवर, गोणपाटात गुंडाळलेला, आणि दुसरा उन्हाळ्यात गेलेल्या माणसाच्या अंगाखाली. तरीही कॅनडातला बर्फ कसा असतो, तो कोणत्या मशीननं हटवावा आणि हटवताना बाईमाणसानं पाय कुठं रोवावेत, याबद्दल त्यांची मतं पक्की होती. मेहकरातल्या आपल्या ओट्यावर, बनियनवर बसून त्यांनी तो बर्फ हटवला. त्यात एका बाईचं मनगट मोडलं. त्यांचं काही मोडलं नाही.

मी तेव्हा मेहकरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची. माझं माहेर जळगाव जामोदचं, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यामुळे त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. खोल्यांना ऊन होतं, शाळा पायी पाच मिनिटांवर होती, आणि खाली ते होते. मी त्यांना काका म्हणायची, त्यांच्या बायकोला काकू. ते मला मॅडम म्हणायचे. मान म्हणून नाही, माझं नाव लक्षात ठेवायची त्यांना कधी गरज वाटली नाही म्हणून.

बसस्टँडच्या रस्त्याला त्यांचं तीस वर्षं शेतीच्या अवजारांचं दुकान होतं. फवारणीचे पंप, पेरणीयंत्रं, कडबाकुट्ट्या, मळणीयंत्रं. मी राहायला आले तेव्हा दुकान विकून झालं होतं, पण दुकानदार तसाच शिल्लक होता. त्यांच्या हिशेबी जगात दोनच जाती, गिऱ्हाईक आणि दुकानदार. गिऱ्हाईक बह्याड असतं आणि दुकानदार चोर असतो. हे ते लाजून सांगायचे नाहीत, ज्ञान म्हणून सांगायचे.

“ज्याले तीन हॉर्सपॉवरचं इंजिन पुरते, त्याले म्या पाचचं देल्लं,” ते म्हणायचे.

“आणि ज्याला पाचचंच हवं असायचं त्याला?” मी एकदा विचारलं.

“त्याले गोडाउनात जे पडेल होतं ते.”

‘बह्याड’ हा त्यांचा लाडका शब्द. वेडा, अडाणी, बावळट, सगळे त्यात यायचे. सकाळी ओट्यावर खुर्ची टाकली की रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण त्यांच्या तोंडून तो घेऊनच पुढं जायचा. थंड गाडीला किक मारणारा बह्याड, गिअर न बदलता गतिरोधकावरून जाणारा बह्याड, टायरमध्ये हवा जास्त भरणारा बह्याड, कमी भरणारा महाबह्याड. मशीन कधी खराब नसते, हा त्यांचा सिद्धांत. “मशीनले धरनारा हात खराब असते.” तीस वर्षांत त्यांच्याकडं परत आलेल्या एकाही यंत्रात त्यांना दोष सापडला नव्हता. तो नेहमी आणणाऱ्या माणसातच निघायचा.

यंत्राबरोबर मिळणारी माहितीपुस्तिका ते कधी वाचत नसत. घरातल्या पंखे, इस्त्री, फ्रिज अशा सगळ्या पुस्तिका त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडता, जपून ठेवल्या होत्या. “पुस्तक वाचून मशीन चालवनारा अन् पुस्तक वाचून पोहनारा सारखाच,” असं म्हणून पिशवी परत खुंटीला. माझा मिक्सर बंद पडला तेव्हा तो त्यांनी माझ्या हातातून ओढूनच घेतला. ओट्यावर वर्तमानपत्र पसरून उघडला, चार तास खपले, बंद केला. वर्तमानपत्रावर तीन स्क्रू उरले.

“काका, हे?”

“कंपनी जास्तीचे देते. हरवले-बिरवले तर.”

त्यानंतर तो मिक्सर डाव्या बाजूला कलता धरला तरच फिरायचा. मी चटणी वाटताना त्याला बाळासारखी मांडीवर घेऊन बसायची. खाली ते सगळ्यांना सांगत, मॅडमचा मिक्सर म्या दुरुस्त करून देल्ला.

पाण्याच्या मोटारीच्या बटणाला त्यांच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. ते सकाळी बटण दाबत, मग पाइपाला कान लावून उभे राहत. आवाज पसंत पडला तर पाणी वर सोडत. नाही पडला तर बंद करून, मोटार ‘शांत होईस्तोवर’ चहा घेत. मला शाळेत पहिल्या तासाला कितीदा उशीर झाला, त्याचं कारण मी मुख्याध्यापकांना कधी सांगू शकले नाही. घरमालक मोटारीचं ऐकत होते, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

त्यांचा एकुलता मुलगा कॅनडात एका प्रयोगशाळेत नोकरीला होता. स्वभावानं बापाच्या अगदी उलट, म्हणजे त्याला कशाबद्दलच मत नव्हतं. त्याची बायको सुलतानपूरची. तिच्या वडिलांची भाजीपाल्याची शेती, आणि कधीकाळी त्यांनी काकांच्याच दुकानातून फवारणीचा पंप नेलेला. एवढ्यावरून काकांच्या दृष्टीनं सून कायमची गिऱ्हाइकाची पोरगी ठरली होती. ती एम.एस्सी. झालेली होती, लग्नाआधी बापाच्या वावरात ट्रॅक्टर चालवायची, हे सगळं ते ऐकून सोडून देत.

त्या दोघांनी तिकडं एका टेकाडावर घर घेतलं. घर वर आणि गावाचा रस्ता खाली. मधला गाडीचा रस्ता घराचाच, चांगला लांब आणि चढणीचा. तिथं बर्फ पडला की सरकार मोठा रस्ता साफ करतं, पण घराचा उतार ज्याचा त्यानं साफ करायचा. नाहीतर गाडी निघत नाही आणि टपालवाल्यापासून ॲम्ब्युलन्सपर्यंत कोणी वर येऊ शकत नाही. पहिला हिवाळा दोघांनी फावड्यानं काढला. मुलाची कंबर धरली. मग तो पहाटे कामाला जायचा आणि फावडं तिच्याकडं राहिलं. दुसऱ्या हिवाळ्याआधी तिनं ठरवलं की मशीन घ्यायची.

इथं माझा प्रवेश. रविवारी संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या रविवारी सकाळी, व्हिडिओ कॉल व्हायचा. ओट्यावर स्टुल, स्टुलावर तांब्या, तांब्याला टेकवलेला फोन, समोर काका. काकू मागं भिंतीला टेकून बसत. पडद्यावर त्यांचं अर्धं कपाळ तेवढं दिसायचं. त्या बोलायच्या नाहीत, कारण बोलायला जागाच नसायची. सुनेनं मशीनची माहिती पाठवली होती, ती इंग्रजीत होती, म्हणून काकांनी जिन्यातून हाक मारली. “मॅडम, खाली या. वाचाचं हाय.”

सुनेनं दोन मशिनी निवडून ठेवल्या होत्या आणि तिला मोठी हवी होती.

“मामाजी, ही मोठी दोन टप्प्यांत काम करते,” ती सांगत होती. “पुढचं पातं बर्फ फोडते, मागचा पंखा दूर फेकते. चाकाच्या जागी पट्टे हायेत, पोकलेनसारखे. इंजिनाच्या जोरावर स्वतः चढण चढते. आपला रस्ता लय खडा हाय.”

“अन् लहानी?”

“लहानीची चाकं नुसती फिरतात, त्याले इंजिन जोडेल नाही. सपाट अंगणाले ठीक हाय.”

“वजन किती मोठीचं?”

तिनं सांगितलं. काका खुर्चीत मागं रेलून हसले.

“येवढं धूड कायले पायजे व? बर्फ म्हंजे काय? कापूस. कापसाले फुंकर पुरते.”

“वरचा कापसासारखाच असते मामाजी. पन रस्त्याच्या तोंडाशी सरकारी गाडी जो ढकलून ठेवते, तो सिमेंटसारखा होते. फावडं वाकलं मागच्या साली.”

“हे तुले दुकानदारानं सांगतलं ना?”

“हो, पन...” ती म्हणाली. मुलगा पडद्याच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटासारखा चिकटलेला होता.

“मंग समज, त्याच्या गोडाउनात मोठीच पडून हाय,” काकांनी निकाल दिला. “तीस साल हेच केलं म्या. मले शिकवते काय तो?”

मग त्यांनी मला वाचायला लावलं. लहान मशीनच्या माहितीत सरळ लिहिलं होतं की खड्या उतारावर आणि लांब रस्त्यावर ही वापरू नये, चढताना ती ओढून धरत नाही आणि उतरताना हाताबाहेर जाऊ शकते. मी ते वाचलं आणि मराठीत सांगितलं. एकदाच, आणि जरा हळू आवाजात. काकांनी हात वर केला.

“मॅडम, तुमचं काम वाचाचं. अर्थ मी लावतो.”

मी फोन पुन्हा तांब्याला टेकवला आणि वर निघून आले. त्या वेळी मी ठामपणे आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं. नाही बोलले. दोन खोल्या, ऊन, पाच मिनिटांवरची शाळा. माझ्या गप्प बसण्याचं कारण इतकं साधं होतं की आता सांगायलाही लाज वाटते. त्यांना नावं ठेवायला मी मोकळी आहे, पण त्या दिवशी त्या ओट्यावर बह्याड एकटे ते नव्हते.

मुलानं लहान मशीन मागवली. बाबांना वाईट वाटेल, असं तो बायकोला म्हणाला.

मशीन आली तसा काकांचा थाट वाढला. चौकातल्या चहाच्या टपरीवर ते बर्फावर व्याख्यानं देऊ लागले. कोणत्या वाऱ्यात बर्फ कुणीकडं फेकावा, पेट्रोल किती भरावं, इंजिन किती वेळ तापू द्यावं. ऐकणाऱ्यांत एकानंही बर्फ पाहिला नव्हता, त्यामुळे चर्चा चांगली रंगायची. सून मात्र रविवारच्या कॉलवर सांगत राहायची की मशीन चढणीवर जात नाही, तिला पोटानं रेटावी लागते, अर्ध्या उतारापर्यंतच दम लागतो.

“तुह्या हातात जोर नाही,” काका म्हणायचे. आणि मग एका रविवारी म्हणाले, “पुढच्या खेपेस फोन संगं घे. मी पाहतो. उभं राहून शिकवल्याबिगर येत नाही कोनाले.”

पुढच्या रविवारी रात्रभर तिकडं बर्फ पडला होता. मुलगा त्या दिवशीही कामावर होता. सुनेनं फोन प्लास्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवला, कॅमेरा पुढं करून. मला हाक आली नव्हती, पण मी पाण्याचं विचारायला खाली उतरले आणि तिथंच थांबले. पडद्यावर तिचे जाड हातमोजे दिसत होते, मशीनचा दांडा, आणि पुढं पांढरा रस्ता, तिरका होत थेट खाली गेलेला. त्याला रस्ता म्हणण्यापेक्षा घसरगुंडी म्हणावं. काकूंनी मागून मान उंच करून पाहिलं आणि “बाप्पा!” म्हणाल्या. इतक्या महिन्यांत त्या फोनसमोर त्यांचा तेवढाच शब्द मी ऐकला होता.

“चढनीवर नाही जात ना ते?” काका ओरडले. “मंग वरून खाली आन! उताराचा फायदा घे!”

“मामाजी, खालून बर्फ गोठेल हाय. काचेसारखा झाला.”

“काच-बीच काही नाही. दांडा दाबून धर अन् चाल.”

ती चालली. दहा-बारा पावलं नीट गेली. बर्फाची धार बाजूला उडत होती आणि काका “आता कसं! आता कसं!” म्हणत मांडीवर थाप मारत होते. मग मशीननं वेग घेतला. इंजिनानं नव्हे, उतारानं. दांडा तिच्या हातांना ओढू लागला, तिची पावलं मोठी होत गेली, आणि एकदम पडदा फिरला. पांढरं, काळं, पांढरं. एक आवाज आला, ओलं लाकूड मोडल्यासारखा. मग राखाडी आभाळ दिसलं आणि तिचा श्वास ऐकू आला.

काकांचे पहिले शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

“दांडा काऊन सोडला?”

ती म्हणाली, “हात गेला.” शांतपणे, जणू कुणाचा तरी निरोप सांगत होती.

“मशीन पाह्य, मशीन! रस्त्यावर गेली का? कोनाची गाडी आली तर चेंदामेंदा होईन तिचा.”

‘तिचा’ म्हणजे मशीनचा. मी माझ्या फोनवरून मुलाला लावला. वाजत राहिला. प्रयोगशाळेत फोन बाहेर ठेवावा लागत असे. पुन्हा लावला, पुन्हा वाजला. गळ्यातला फोन पाकिटात बंद, एका हातानं तो काढून तिला दुसरा नंबर लावता येईना, शेजारघर दूर, रविवारची सकाळ, तापमान शून्याच्या कितीतरी खाली, आणि ती उठायला गेली की सरकून आणखी खाली येत होती. प्रत्येक वेळी पडद्यावरचं आभाळ हलायचं आणि ती कण्हायची. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “राहू द्या. पडते इथंच थोडा वेळ.”

तेव्हा काकू उठल्या. तांब्याला टेकवलेला फोन त्यांनी उचलला, काकांच्या नाकासमोरून, आणि तोंडाजवळ धरला.

“नाही माय. पडाचं नाही. ऐक माह्यं.”

“अवं, ती मशीन...” काका म्हणाले.

“तुम्ही चूप बसा.”

चढ्या आवाजात नाही. ताट वाढताना ‘सरका जरा’ म्हणावं तसं. काका खरंच चूप बसले. मला वाटतं, त्यांना धक्का बोलण्याचा नव्हता, काकूंना आवाज आहे याचा होता.

“उभी राहू नको,” काकू सांगू लागल्या. “उभं राहिलं का पाय सुटते. बसून घे. पाठ घराकडं कर. मोडला हात पोटाशी धर, ओढनीत बांध.”

“ओढणी नाही सासूबाई.”

“गयातला मफलर असन ना? त्यानं बांध. झालं? आता टाचा रोव बर्फात. दोन्ही टाचा. अन् मांगं सरक. बसल्या बसल्या. आमच्या गावचा नाला चढाचो आम्ही असाच, पावसायात, काळ्या मातीत, डोक्शावर गवताचा भारा घेऊन. एक टाच. आता दुसरी. सरक.”

पडद्यावर आता तिचे बूट दिसत होते आणि बुटांच्या पलीकडं दूर जाणारा रस्ता. इंचाइंचानं. काकू मोजत नव्हत्या, थांबतही नव्हत्या. मध्येच ती रडू लागली तेव्हा त्यांनी तिला भाजीचं विचारलं. तिकडं वांगी कशी मिळतात, त्यात बिया असतात का. ती रडत रडत सांगत होती, असतात, लय असतात. “मंग टाच रोव,” काकू म्हणाल्या. मी जिन्याच्या पायरीवर बसून मुलाचा फोन लावत होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. दिवेलागण झाली, डास आले, कोणी उठून दिवा लावला नाही. शेवटी दाराची खालची कड दिसली आणि एक पायपुसणं. आत गेल्यावर तिनं तिकडच्या आणीबाणीच्या नंबरला फोन लावला. ती गाडी चाकांना साखळ्या लावून कशीबशी वर आली. “वरचा उतार साफ झाला होता म्हून गाडी आली,” हे वाक्य काका पुढं बऱ्याच ठिकाणी बोलले.

उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. आत धातूची पट्टी टाकावी लागली, स्क्रू बसवावे लागले.

मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस ओट्यावर जरा खाली मान घालून बसेल. चार दिवसांनी टपरीवरून जाताना मी ऐकलं. “दांडा सोडला तिनं. म्या सांगून राह्यलो होतो, दाबून धर. मशीनचा काही दोष नाही.” मग एके दिवशी जिन्यात मला अडवलं. आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

“मॅडम, त्या पानावर खरंच लिहेल होतं का, उताराले नको म्हून?”

“हो काका. मी वाचलं होतं.”

त्यांनी जिन्याच्या कठड्याला हात टेकला. मला वाटलं, आता काहीतरी माणसासारखं येईल.

“मंग मोठ्यानं वाचाले पायजे होतं,” ते म्हणाले आणि मोटारीचं बटण दाबायला गेले.

सुनेला मी स्वतःहून फोन केला. माझ्या मनातलं सांगितलं, की मी अजून एकदा बोलायला हवं होतं. ती हसली. “मॅडम, तुम्ही तर एकदा तरी वाचलं. मले तर सगळं ठाऊक होतं, तरी मी तीच मशीन घेऊ दिली. तुमच्यापेक्षा माझं जास्त चुकलं. आता नाही चुकणार.” लहान मशीन तिनं कुणाला तरी सपाट अंगणवाल्याला देऊन टाकली. डाव्या हातानं सही करून पट्ट्यांची मोठी आणली. नवऱ्याला विचारलं नाही, सांगितलं. तो ‘बरं’ म्हणाला, ते तर तो कुणालाही म्हणायचा.

त्या मशीनचे व्हिडिओ ती काकूंना पाठवायची. काकूंनी स्वतःचा फोन घेतला होता, आणि तो कसा चालवायचा ते त्यांनी मला विचारलं, काकांना नाही. सगळं मी त्यांच्याबरोबर पाहिलं. थर जाड होण्याआधीच ती बाहेर पडायची. वारा पाठीशी घ्यायची. उताराला आडवी कधी जायची नाही, सरळ खाली, सरळ वर. बर्फ मशीनच्या तोंडात अडकला की इंजिन बंद करून, थांबून, लाकडी दांडक्यानं काढायची. आत हात घालायची नाही. मशीन मुंगीच्या चालीनं चढण चढायची आणि ती मागून नुसती चालायची. काका आमच्या खांद्यांवरून वाकून पाहत आणि म्हणत, “पट्ट्याचीच पायजे होती, मी पयलेच म्हनलं होतं.” आम्ही दोघी पुढचा व्हिडिओ लावायचो.

माझी बदली झाली, मी घर सोडलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात मुलानं दोघांनाही तिकडं बोलावून घेतलं. काका मोठ्या उत्साहानं गेले. अंगात दोन स्वेटर, आणि बर्फ प्रत्यक्ष हाताळायचा निश्चय. पोचल्यावर पहिल्याच सकाळी ते मशीनजवळ गेले तेव्हा सुनेनं किल्ली खिशात टाकली आणि म्हणाली, “मामाजी, हिले हात लावाचा नाही. दारापुढची पायरी तुमची, फावडं त्या कोपऱ्यात हाय.” पायरी त्यांनी एकदा केली. दुसऱ्या दिवशी कंबर धरली.

एका रविवारी काकूंचा व्हिडिओ कॉल आला. त्या खिडकीशी बसल्या होत्या, पूर्ण दिसत होत्या. खाली उतारावर सून मशीन घेऊन चालली होती, आणि शेजारच्या खिडकीशी काका उभे होते. हात हलवत, बोटं दाखवत, नसा फुगवून काहीतरी ओरडत होते. उजवीकडं, डावीकडं, दांडा, वारा. मी काळजीनं विचारलं, “काकू, अजून तसंच का हो? तिला त्रास होत असेल.”

“कायचा तरास?” काकू म्हणाल्या. “इकडं काचा दुहेरी असतात, थंडीपायी. बोलून राह्यले तर बोलू दे. तिले काहीच ऐकू जात नाही.”